सुआन-चाय-यू खायला पहिल्यांदा जाताना

आधी नाव नीट म्हणायला शिकू, कारण मराठी माणसाला ते सोपं आहे. सुआन-चाय-यू. हा चीनमधला माशाचा रस्सेदार पदार्थ. यातला 'चाय' चहातल्या च-सारखा नाही. हा च आपल्या 'चाक' आणि 'चारा'मधल्या च-च्या जवळचा, फक्त जरा जास्त श्वास सोडून म्हणायचा. तसा च आपल्या तोंडात आधीपासून असल्यामुळे हॉटेलात नाव सांगणं सोपं जातं. सुआन म्हणजे आंबट, चाय म्हणजे भाजी, यू म्हणजे मासा. यातलं 'आंबट' हे विशेषण भाजीचं आहे, माशाचं नाही. सुआन-चाय म्हणजे मिठाच्या पाण्यात आंबवून मुरवलेली भाजी. तेवढं लक्षात ठेवलंत तर हॉटेल निवडण्यापासून शेवटचा घास घेईपर्यंत कुठे काय करायचं ते आपसूक सुचत जाईल.

मी मालवणकडची. चीनमधल्या छोंगछिंग शहरात तीन वर्षं काढली आणि या पदार्थावर माझा मनापासून जीव जडला. शिकायला, नोकरीला किंवा ग्वांगझोच्या व्यापार मेळाव्याला चीनमध्ये येणारी आपली मंडळी पुष्कळदा विचारतात की पहिल्यांदा काय खावं. मासे खाणाऱ्याला मी डोळे मिटून हेच सांगते. मात्र माहिती नसताना गेलं तर हा पदार्थ नुसता 'तिखट, तेलकट सूप' वाटून मागे पडतो. तसं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

टेबलावर काय येणार आहे

पदार्थ छोंगछिंगचा. हे शहर १९९७ पर्यंत सिचुआन प्रांतात होतं, त्यामुळे कुणी त्याला सिचुआनी म्हणालं तरी चूक नाही. जियांगजिन भागातल्या रस्त्यालगतच्या खानावळींतून तो पुढे आला असं तिथले लोक सांगतात. १९९० च्या दशकात तो देशभर पसरला.

यातली भाजी मोहरीच्या कुळातली, जाड देठांची आणि रुंद पानांची. ती मिठाच्या पाण्यात, मातीच्या बरणीत मुरते. आपण लोणच्याच्या बरणीला 'चिनी मातीची' म्हणतो, पण ही बरणी वेगळी. तिच्या तोंडाभोवती एक खोलगट पन्हळ असते. तिच्यात पाणी भरायचं आणि वरून वाडग्यासारखं झाकण उपडं घालायचं. आत आंबताना होणारा वायू पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर पडतो, बाहेरची हवा मात्र आत शिरत नाही. यात आपल्यासारखं वरून तेल नसतं, मोहरीची फेसलेली डाळही नसते. डोशाचं पीठ ज्या जातीच्या जिवाणूंनी आंबतं, त्याच जातीचे जिवाणू इथेही काम करतात. मिठाच्या पाण्यात मुरवलेली कैरी खाल्ली असेल तर या आंबटपणाची जातकुळी तुम्हाला लगेच ओळखू येईल.

स्वयंपाकघरात काय होतं तेही थोडं सांगते, कारण खायचा क्रम त्यावरून ठरतो. माशाच्या दोन्ही बाजू कापून त्यांचे तिरके, अगदी पातळ काप काढतात. त्यांना मीठ, अंड्याचा पांढरा बलक आणि स्टार्च चोळून ठेवतात. डोकं आणि मधला काटा डुकराच्या चरबीत परतून, वर उकळतं पाणी घालून, रस्सा दुधासारखा पांढरा होईपर्यंत खळखळवतात. त्यात परतलेली आंबट भाजी, आलं आणि मुरवलेल्या मिरच्या जातात. माशाचे काप अगदी शेवटी घालतात आणि ते मिनिटभरातच शिजतात. मग सगळं मोठ्या वाडग्यात ओतून वर सुक्या मिरच्या आणि हुआ-ज्याव टाकतात आणि त्यावर कडकडीत तेल सोडतात. तो चर्र आवाज आपल्या फोडणीचाच.

हुआ-ज्याव म्हणजे सिचुआनी मिरी असं सांगतात, पण मिरीशी तिचं काही नातं नाही. ती आपल्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण आहे, दोन्ही एकाच वनस्पती-कुळातल्या. तिरफळाचं काळं बी टाकून वरचं टरफल वापरतात, तसंच इथेही. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ दाताखाली आलं की जीभ कशी झिणझिणते, ते आठवा. चिनी भाषेत त्या झिणझिणीला स्वतंत्र शब्द आहे, 'मा'. तिखटाला 'ला'. मेनूत हे दोन शब्द वेगवेगळे दिसतात आणि हव्या त्या प्रमाणात मागता येतात. पहिल्यांदा तो वाडगा समोर आला तेव्हा मला घरची आठवण आली ती याच वासाने.

कुठे जायचं

साधारण तीन तऱ्हेची ठिकाणं आहेत. मोठ्या मॉलमधली साखळी हॉटेलं, गल्लीतली कुटुंबांनी चालवलेली हॉटेलं आणि एकट्यासाठी वाडगा-भात देणारी छोटी दुकानं.

पहिल्या खेपेला मॉलमधल्या साखळी हॉटेलात जावं असं माझं मत आहे. तिथे मेनू फोटोंसहित असतो, माशाची निवड आधीच केलेली असते आणि चुकायला फारसा वाव नसतो. यातलं सगळ्यांत गाजलेलं नाव ताय-अर. ते २०१५ मध्ये ग्वांगझोत सुरू झालं आणि आता सिंगापूरमध्येही आहे. 'माशापेक्षा आंबट भाजी चविष्ट' हे त्याचं घोषवाक्य आणि एका टेबलावर चारपेक्षा जास्त माणसं न बसवण्याचा सुरुवातीच्या काळातला नियम, या दोन्हींमुळे ते प्रसिद्धीला आलं. घोषवाक्य जाहिरातीचं असलं तरी मला ते शब्दशः पटतं. चारांहून मोठा घोळका असेल तर मात्र कुठल्याही साखळी हॉटेलात आधी विचारून घ्या.

दुसऱ्या खेपेला गल्लीतल्या हॉटेलात जा. दाराशी काचेच्या टाकीत जिवंत मासे पोहत असतील तर आत शिरा. पाटीवर 'लाव-थान', म्हणजे 'जुनी बरणी', असं लिहिलेलं पुष्कळ ठिकाणी दिसेल. त्यावर एकदम विश्वास ठेवू नका. २०२२ मध्ये १५ मार्चला, ग्राहक हक्क दिनाच्या सरकारी दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात हुनान प्रांतातला एक प्रकार उघड झाला. 'जुन्या बरणीतली' म्हणून विकली जाणारी भाजी तिथे शेतातल्या मातीच्या खड्ड्यांत मुरवली जात होती. देशभर संताप उसळला. तेव्हापासून लोक भाजी कुठून येते ते उघडपणे विचारतात, तुम्हीही विचारा. चांगल्या ठिकाणी बरण्या समोर मांडलेल्या असतात आणि मालकीणबाई कौतुकाने दाखवतात.

एकटे असाल तर वाडगा-भाताचं दुकान सोयीचं. मासा तिथे बहुधा बिनकाट्याचा, गोठवलेला असतो. पोट भरतं, पण पहिली ओळख तिथे करून घेऊ नये.

नावांचा एक घोळही टाळा. सुआन-थांग-यू हा वेगळा पदार्थ आहे. तो ग्वेईझो प्रांतातल्या म्याव लोकांचा, काइलीच्या बाजूचा. त्याचा आंबटपणा आंबवलेल्या टोमॅटोंचा किंवा आंबवलेल्या तांदळाच्या पाण्याचा असतो. तीन दिवस आंबट खाल्लं नाही तर चालताना झोकांड्या जातात, अशी त्यांच्याकडे म्हण आहे. तो पदार्थही अप्रतिम, पण त्यासाठी वेगळ्या दिवशी, वेगळ्या हॉटेलात जा. आणि श्वेय-जू-यू म्हणून तेल-मिरच्यांत बुडालेला जो मासा येतो, त्याचा रस्सा प्यायचा नसतो. सुआन-चाय-यूचा पितात.

नंबर लावणं आणि बसणं

चिनी लोक लवकर जेवतात. दुपारी साडेअकरा आणि संध्याकाळी साडेपाच ही चांगली वेळ. भारतीय सवयीने रात्री नऊला गेलात तर स्वयंपाकघर आवरायला लागलेलं असतं. गर्दी असेल तर दारातल्या यंत्रावर किंवा मुलीकडे किती माणसं ते सांगून नंबर घ्यायचा. वाट पाहणाऱ्यांना पुष्कळ ठिकाणी सूर्यफुलाच्या बिया, चहा वगैरे देतात, ते घ्यायला संकोच नको.

टेबलावर बसल्यावर मेनू येण्याची वाट पाहू नका. कोपऱ्यात क्यूआर कोड चिकटवलेला असतो. तो वीचॅट किंवा अलिपे या पैसे भरायच्या चिनी ॲपने स्कॅन केला की आधी माणसांची संख्या विचारतो आणि मग मेनू उघडतो. चिनी वाचता येत नसेल तर स्क्रीनशॉट काढून भाषांतराच्या ॲपला द्या. वीचॅटवर भारताने २०२० मध्ये बंदी घातली, त्यामुळे ही ॲप चीनमध्ये पोचल्यावर, जेवायला निघण्यापूर्वीच टाकून, व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून ठेवा. जेवायच्या वेळी पासपोर्टचे फोटो चढवत बसणं नको. तरीही अडलंच तर हाक मारा, 'फू-वू-युआन!' वेटरला मोठ्याने हाक मारणं तिथे उद्धटपणाचं मानत नाहीत.

वाट्या-ताटल्या कधी प्लास्टिकमध्ये सीलबंद येतात. त्याचे एक-दोन युआन बिलात लागतात. पिण्यासाठी गरम पाणी किंवा चहा येईल. थंड पाणी हवं तर वेगळं मागावं लागतं.

मासा कोणता

इथे घाई करू नका.

चाव-यू म्हणजे गवत्या, ग्रास कार्प. मूळ खानावळींतला हाच मासा. मांस गोडसर आणि मऊ, किंमत कमी, पण मांसात बारीक दुशाखी काटे असतात. रोहू-कटला खाणाऱ्यांना त्याची सवय असते. समुद्राचे मासे खाऊन वाढलेल्या माणसाने मात्र सावकाश खावं, लहान मुलांना तर देऊच नये.

हेय-यू म्हणजे शब्दशः 'काळा मासा'. हा आपल्या मरळीच्याच जातीचा. विदर्भ-मराठवाड्याकडच्यांना मरळीचं मोल वेगळं सांगायला नको. काटे कमी, मांस घट्ट. कापाला एक छान करकरीत लवचिकपणा असतो आणि आंबट रश्शात तो शेवटपर्यंत टिकतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हाच घ्यायला सांगते. गवत्यापेक्षा महाग पडतो, पण ते पैसे सार्थकी लागतात.

बाशा-यू म्हणजे बासा. काटा नाही, फारशी चवही नाही. मुलं बरोबर असतील तर ठीक.

जिवंत मासा असेल तर भाव जिनवर असतो. एक जिन म्हणजे ५०० ग्रॅम, पाटीवरचा भाव किलोचा समजू नका. मासा जाळ्यात धरून, तोलून, तुमच्यासमोर आकडा दाखवतात आणि मगच आत नेतात. दोघातिघांना अडीच-तीन जिनचा मासा पुरतो. वजन डोकं-काट्यासकट असतं, पण ते वाया जात नाही, रस्सा त्याचाच होतो. साखळी हॉटेलात वजनाची भानगड नसते. तिथे लहान, मध्यम, मोठा असे वाडगे असतात. दोघांना लहान घ्या. त्या लोकांचा 'लहान' आपल्या घरच्या परातीएवढा असतो.

कधी 'जिन-थांग', म्हणजे सोनेरी रस्सा, असा पर्याय दिसेल. तो पिवळा रंग बहुधा लाल भोपळ्याचा आणि हायनानच्या पिवळ्या मिरचीचा. चव चांगली असते, जरा गोडसर. पण पहिल्यांदा साधा पांढरट रस्साच घ्या.

तिखट किती

बू-ला म्हणजे तिखट नको, वेय-ला म्हणजे थोडं, जोंग-ला म्हणजे मध्यम. त्यापुढेही पायऱ्या असतात.

तुम्ही कोल्हापूरचे असा की खानदेशचे, पहिल्यांदा वेय-ला घ्या. तिखट सोसण्याचा हा प्रश्न नाही. मी पहिल्या खेपेला सगळ्यांत तिखट मागवलं. तिखट सोसलं, पण आंबट भाजीची चवच कळली नाही आणि पदार्थ सामान्य आहे असं ठरवून मी दोन महिने तिकडे फिरकले नाही. मग एका मैत्रिणीने मला वेय-ला खायला घातलं, तेव्हा मला खरा पदार्थ भेटला. जास्त मिरचीखाली आंबवलेल्या भाजीचा वास पार दबून जातो.

काय टाळायचं आणि ते कसं सांगायचं

इथे मी स्पष्टच लिहिते, कारण पुष्कळांना हे नंतर कळतं आणि वाईट वाटतं. रश्शात आणि भाजी परतताना डुकराची चरबी वापरणं ही जुनी रीत आहे. सगळीकडे नसेल, पण बहुतेक ठिकाणी असते. मासे चालतात पण डुक्कर चालत नाही अशांनी बसण्यापूर्वीच विचारावं, 'यो मेय यो जू-यो?' म्हणजे 'डुकराची चरबी आहे का?' उत्तर 'मेय यो' आलं तर नाही. 'यो' आलं तर आहे. काही ठिकाणी ती वगळून वनस्पती तेलात करून देतात. पण रस्सा आधीच तयार असेल तर ते शक्य नसतं. मुस्लीम मित्र बरोबर असतील तर हलाल पाटीचं हॉटेल शोधणंच बरं.

'वो बू छ्र न्यो-रो' म्हणजे मी गोमांस खात नाही. 'न्यो-रो'च्या जागी 'जू-रो' म्हटलं की डुकराचं मांस. या वाडग्यात गोमांस सहसा नसतंच, प्रश्न येतो तो वरून घ्यायच्या जिनसांचा. त्यात 'या-श्युए' म्हणजे बदकाचं साकळलेलं रक्त असतं. ते तपकिरी चौकोनी वड्यांसारखं दिसतं आणि फोटोत टोफूचा भास होतो. डबाबंद मांसाच्या गुलाबी चकत्या डुकराच्या असतात.

पूर्ण शाकाहारी माणसाला या हॉटेलात बसायला हरकत नाही, पण वाडग्यातला टोफू 'काढून' खाऊ नये, तो त्याच रश्शात मुरलेला असतो. त्यांच्यासाठी ठेचलेली काकडी, लसूण घातलेली परतलेली पालेभाजी आणि भात मागवा. परतलेल्या भाजीतही चरबी नको हे सांगावं लागतंच.

कोथिंबीर नको असेल तर 'बू याव श्यांग-चाय'. आपल्यातलं कुणी असं म्हणेल असं मला वाटत नाही.

जोडीला काय

वाडग्यात घालायला एकच जिन्नस घ्यायचा झाला तर खुआन-फन घ्या. त्या रताळ्याच्या स्टार्चच्या रुंद, पारदर्शक पट्ट्या असतात. रस्सा पिऊन त्या फुगतात आणि मासा संपल्यावर खाताना बहार येते. बरोबर टोफू, मोड आलेली कडधान्यं किंवा लांब पांढऱ्या देठांचे एनोकी मशरूम. याहून जास्त भरलंत तर रस्सा पांचट होतो.

भात म्हणजे 'मी-फान', तो हवाच. पुष्कळ ठिकाणी एकदा पैसे देऊन हवा तितका मिळतो. प्यायला सुआन-मेय-थांग मागवा. ते धुरकट वासाचं आंबट-गोड सरबत आहे, कोकम सरबत आवडणाऱ्याला आवडेलच. शेवटी बिंग-फन, पाण्यासारखी थरथरती थंडगार जेली, वर काळ्या गुळाचा पाक. तिखटावर तिच्यासारखा उतारा नाही.

खायचं कसं

वाडगा आला की फोटो एकच काढा. गरम रश्शात काप शिजतच राहतात. पाच-सहा मिनिटांत ते घट्ट होतात आणि मग तुटायला लागतात.

सगळ्यांत आधी रस्सा चाखा. वरचं तेल आणि मिरच्या पळीने बाजूला सारून खालचा दोन चमचे रस्सा आपल्या वाटीत घ्या. भात न लावता, काहीही न मिसळता प्या. त्यानंतर आंबट भाजीचा एक तुकडा खा. चांगली मुरलेली भाजी दाताखाली अजून करकरते आणि तिचा आंबटपणा गालाच्या आतल्या बाजूला पसरत हळूहळू उतरतो. नुसतं व्हिनेगर असेल तर जिभेच्या टोकाला टोचतं आणि नाहीसं होतं. या दोन घासांत हॉटेलची पारख होते. भाजी मऊ, खारट आणि बिनवासाची निघाली तर मासा कितीही ताजा असो, पुन्हा तिथे जाऊ नका.

मग मासा. टेबलावरच्या झाऱ्याने काप उचला, म्हणजे तेल गळून जातं. वाडग्यातून थेट आपल्या तोंडात घालू नका, आधी आपल्या वाटीत भातावर ठेवा. वेगळ्या रंगाच्या किंवा लांब चॉपस्टिक्स ठेवलेल्या असतील तर त्या सगळ्यांनी वाढून घेण्यासाठीच्या. काप आणि भाजीचा बारीक तुकडा एकाच घासात घ्या, नुसता मासा मागे पडतो. हुआ-ज्याव दिसली की बाजूला काढा, तिखल्यातलं तिरफळ काढतो तशीच.

भाताची वाटी हातात उचलून तोंडाजवळ नेणं तिथे रीतीला धरून आहे. काटा आला तर ओठांनीच समोरच्या छोट्या ताटलीत टाकायचा, बोटं तोंडात घालायची नाहीत. चॉपस्टिक्स भातात उभ्या रोवून ठेवू नका. मृतासाठी भातात उदबत्त्या रोवतात, तसं ते दिसतं. आपल्याकडे पिंडावरची दर्भाची काडी पाहिलेल्यांना यामागची भावना सांगायला नको. खुआन-फन चॉपस्टिक्सवरून निसटतात, सरळ चमचा घ्या, कुणी काही म्हणत नाही.

रस्सा भातावर ओतून कालवायचा मोह आपल्याला पहिल्या मिनिटाला होतो. तो शेवटासाठी राखा. मासा संपला, तेल बाजूला झालं की मग दोन पळ्या रस्सा आणि उरलेली भाजी भातावर घ्या. तोवर काट्यांचा, भाजीचा आणि माशाचा अर्क त्यात पुरता उतरलेला असतो. तिथलेही पुष्कळ लोक जेवणाचा शेवट असाच करतात. सगळा रस्सा संपवायचा अट्टहास मात्र नको, मीठ बरंच असतं.

बिल आणि उरलेलं

'माय-दान' म्हटलं की बिल. पुष्कळदा ऑर्डर देतानाच फोनवर पैसे गेलेले असतात. टिप देत नाहीत. ठेवलीत तर मुलगी पैसे विसरलात म्हणून मागे धावत येईल.

उरलं तर 'दा-बाव' म्हणा, डबा मिळेल. त्याचा एखादा युआन लागतो. डब्यात मासा भरू नका, रस्सा आणि आंबट भाजी भरा, कारण मासा गरम केला की चामट होतो. खोलीवर पोचल्यावर लगेच फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी वर जमलेला तेलाचा थर चमच्याने काढा, रस्सा खळखळून उकळा, त्यात मूठभर साध्या शेवया आणि एक अंडं सोडा. भाजी रात्रभरात आणखी मुरलेली असते.